बत्तीशीकाकांचा डेलिया

अख्खी गल्ली त्यांना बत्तीशीकाका म्हणते आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात मात्र एकोणतीसच दात आहेत. उरलेल्या तिघांची चौकशी केली की काका म्हणतात, "लोकांचे करता करता आपले करायचे राहून गेले." हे वाक्य ते गेली दहा वर्षं ऐकवताहेत आणि दर वेळी समोरच्याच्या आधी स्वतःच हसतात.

काका कवळ्या करतात. दातांच्या दवाखान्यात पुढे काचेचं दार, माशांची पेटी, गुळगुळीत मासिकं आणि पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरीणबाई. मागे, बेसिनच्या पलीकडे, पडद्याआड काकांची खोली. खोली म्हणजे काय, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास आत ओढून धरावा एवढी. भिंतीला एक फळी, तिच्यावर ओळीने प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने घातलेला नंबर. टेबलावर गॅसची छोटी शेगडी, गुलाबी मेण, कोरायची हत्यारं, घासायची मोटर आणि कवळीचा साचा घट्ट दाबून धरणारा पितळी शिकंजा. सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. संध्याकाळी काका घरी निघतात तेव्हा त्यांच्या भुवया पिकलेल्या असतात आणि अंघोळ केली की पुन्हा काळ्या होतात.

या धंद्यात एक भलतीच गोची आहे. काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाला दिसत नाही. कवळी बिघडली तर चारचौघांत बोभाटा होतो. चांगली झाली तर लोकांना वाटतं, या माणसाचे दात काय सुरेख आहेत! पेशंट आरशात बघतो, एकदा मिटल्या ओठांनी हसतो, एकदा उघड्या ओठांनी हसतो आणि डॉक्टरीणबाईंना म्हणतो, "तुमच्या हाताला काय गुण आहे हो!" डॉक्टरीणबाई स्वभावाने भल्या. त्या मागे बोट करून सांगतात, "ही सगळी आमच्या काकांची कमाल." पेशंट वळून बघतो, त्याला पडदा दिसतो आणि तो घरी जातो. तीस वर्षं काका हे पडद्यामागून ऐकत आलेत. आपल्याला कौतुकाबिवतुकाचं काही पडलेलं नाही, असं ते सांगतात. हे साफ खोटं आहे.

म्हणून तर कागदाची फुलं सुरू झाली. वीसेक वर्षांपूर्वी दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या बाईंचा वाढदिवस होता. काकांनी जुन्या कॅलेंडरचा जाड कागद कापला, मेण कोरायच्या हत्याराने पाकळ्या वळवल्या, एकावर एक थर चढवून फूल केलं आणि घडीच्या कार्डावर चिकटवून बाईंच्या हातात दिलं. बाई सगळ्यांदेखत "अय्या!" म्हणाल्या. एवढ्यावरच थांबल्या असत्या तर बरं होतं, पण त्यांनी विचारलं, "कोणी केलं हो हे?" या एका प्रश्नाने काका जे कामातून गेले ते गेलेच. त्यानंतर ओळखीपाळखीत कुणाचा वाढदिवस, कुणाचं पास होणं, कुणाची बदली, कुणाच्या मुतखड्याचं ऑपरेशन बिनकार्डाचं गेलं नाही. काकांची बायको विजेच्या मीटरचं रीडिंग घेत घरोघर फिरते. ती सांगते, अर्ध्या घरांत मीटरच्या पेटीवर ह्यांचंच फूल उभं केलेलं असतं आणि आकडे वाचण्याआधी ते बाजूला सरकवावं लागतं.

आता काकांच्या ताईकडे वळायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं.

ताई काकांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा काका सात वर्षांचे होते. ताईनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, कान पिळले आणि पिळून लाल झालेल्या कानाला मग तेलही लावलं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत काका दोनदा आपटले, तेव्हा तिने त्यांचं मनगट धरून थेट एका म्हाताऱ्या कवळीवाल्यासमोर नेऊन उभं केलं. "याचे हात चांगले आहेत," ती त्याला म्हणाली, "डोक्याचं मी बघते." ते ती पुढची पस्तीस वर्षं बघत राहिली. कुठलीही गोष्ट ठरवायची झाली की काका म्हणायचे, ताईला विचारतो. बायकोने या वाक्यावर नाक मुरडून मुरडून शेवटी नाद सोडला.

ताई नीटनेटकी. घरातही इस्त्रीचे कपडे, केसांना वेळच्या वेळी रंग, चप्पलसुद्धा पुसून ठेवणार. अशा बाईच्या हिरड्या पंचावन्नाव्या वर्षी अचानक दगा देऊन बसल्या. दात हलायला लागले आणि बघता बघता काढावे लागले. ताईने घराबाहेर पडणं सोडलं. तेव्हा काकांनी आयुष्यातली सगळी विद्या पणाला लावली. डॉक्टरीणबाईंनी सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं ओढून, मापं घेतली. वरची कवळी पूर्ण, खालचे सहा. काकांनी ताईचे तरुणपणचे फोटो भिंग लावून बघितले. तिचा पुढचा एक दात किंचित तिरका होता. नव्या कवळीतही तो त्यांनी तेवढाच तिरका बसवला. कडांना जरा झीज दिली. रंग पांढराशुभ्र न ठेवता जराशी पिवळसर झाक ठेवली. ताईने आरशात बघितलं आणि ती रडायलाच लागली. मग डोळे पुसून तिने बजावलं, "धाकट्या, हे तू, मी आणि तुझी डॉक्टरीण. चौथ्या कानाला कळता कामा नये." तिची मुलगी तेवढी चौथा कान होती, पण तिलाही ताईने आपलं रिकामं तोंड कधी दाखवलं नाही.

सहा वर्षं ते गुपित सुखाने नांदलं. मग अडीच वर्षांपूर्वी ताईच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मुलाकडची माणसं चहाला आली. मामा म्हणून काकाही मानाने सोफ्यावर बसले होते. गप्पा रंगल्या. ताई कशावर तरी मोकळेपणाने हसली आणि मुलाची आत्या म्हणाली, "अहो, या वयात काय सुंदर दात आहेत तुमचे! आमच्याकडे चाळिशीतच वाट लागते सगळ्यांची."

ताईने मान खाली घालून सांगितलं, "लहानपणापासून गोड कमी खाल्लं, एवढंच."

इथे काकांनी गप्प बसायचं होतं. दहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. पण काकांच्या कानात फक्त "काय सुंदर दात" एवढंच शिरलं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाला त्यांच्या तोंडावर सुंदर म्हणत होतं आणि मध्ये पडदा नव्हता. छाती फुगली, चष्मा वर सरकला आणि काका बोलून गेले, "गोडाचं काही नाही हो! ते माझ्या हातचे आहेत. वरचे सगळे आणि खालचे सहा. तो पुढचा तिरका दात बघा ना, मुद्दाम तसा बसवलाय!"

आधी मुलाच्या चुलत्यांना हसू फुटलं, मग आत्याला आणि मग सगळ्यांनाच. कुणी वाईट हेतूने हसलं नाही. लग्नही व्यवस्थित पार पडलं. पण ताईने त्या क्षणी जे ओठ मिटले, ते काकांसाठी पुन्हा उघडले नाहीत. फोन लावला की कट. दारात गेले की "आई झोपली आहे." भाचीच्या लग्नात काका भिंतीला टेकून उभे होते आणि ताई त्यांच्यासमोरून तीनदा गेली, पण त्यांच्याकडे न बघता. बायको म्हणाली, "जाऊ द्या, निवळेल." काकांना अन्न गोड लागेना. कुठलीही गोष्ट ठरवायची झाली की तोंडातून "ताईला" एवढं निघायचं आणि पुढचं वाक्य घशातच राहायचं.

असं एक वर्ष गेलं. ताईचा वाढदिवस जवळ आला तेव्हा काकांनी ठरवलं, तोंडाने घाण केली ती हातांनी निस्तरायची.

ताईच्या खिडकीत कुंड्यांमधून डेलिया असायचा, तेव्हा फूल डेलियाचंच. दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो. त्या वेळात काकांनी आठ दुपारी फक्त हेच काम केलं. कागद निवडायला त्यांनी दातांच्या छटा जुळवायची पट्टी काढली. तिच्यावर ओळीने नमुन्याचे दात असतात, एकाहून एक किंचित गडद. त्यांच्याशी ताडून त्यांनी चार कागद घेतले, सायीच्या रंगापासून फिक्या गुलाबीपर्यंत. नुसता पांढरा कागद त्यांनी हातातही धरला नाही. पांढराशुभ्र रंग दिसला की ओळखावं, कुणीतरी घाईत काम केलंय, असं त्यांचं म्हणणं.

एकूण सात थर. खालचे चार बारा-बारा पाकळ्यांचे, वरचे तीन आठ-आठ पाकळ्यांचे, सगळ्यात वरचा नखाएवढा. आधी गोल कापायचा, मग कडेकडून आत कात्री घालून पाकळ्या सोडवायच्या, पण मधे थोडी गोल जागा धडधाकट ठेवायची. नाहीतर सगळं चक्र हातात येतं. मग प्रत्येक पाकळी ओलसर स्पंजावर ठेवून गोल टोकाच्या हत्याराने हलकेच दाबायची, म्हणजे तिला वाटीसारखी खोली येते. बुडाशी चिमट्याने एक चुणी पाडायची. घाई केली की कागद फाटतो आणि भीत भीत केलं की पाकळी पडून राहते. बहात्तर पाकळ्यांपैकी अकरा काकांनी पुन्हा कापल्या.

थर चढवताना प्रत्येक थर अर्ध्या पाकळीने फिरवायचा, म्हणजे खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीतून वरची पाकळी डोकावते. पहिले दोन थर थेट गोंदावर बसले. पुढच्या प्रत्येकाखाली काकांनी फोमची छोटी टिकली दिली, त्यामुळे थर एकमेकांपासून अंतर राखून उभे राहिले. मधोमध कातरलेल्या पिवळ्या पट्टीची घट्ट गुंडाळी. शेवटी त्यांनी फूल डोळ्यांच्या पातळीला धरलं, एक डोळा मिटून गोल फिरवलं आणि एकच पाकळी अर्ध्या केसाने वर उचलली. डॉक्टरीणबाई पडद्यातून डोकावून म्हणाल्या, "काका, हे पेशंटच्या तोंडात बसवणार नाही ना?"

फूल झालं, पण खरी परीक्षा आतल्या मजकुराची होती. काकांच्या कार्डात आतमध्ये आजवर फक्त "शुभेच्छा" एवढा एकच शब्द असायचा. या वेळी त्यांना बोलायचं होतं. पाच कागद त्यांनी लिहून फाडले. सहाव्यावर नऊ ओळी जमल्या. चूक कबूल केली, कारण सांगितलं, माफी मागितली आणि शेवटी लिहिलं, "राग गेला असेल तर फोन कर. बोलायचं नसेल तर नुसता मिस्ड कॉल दे. मला कळेल."

तो कागद कार्डाच्या आत चिकटवायचा होता. कुणीही चार कोपऱ्यांना चार थेंब लावले असते. पण काकांचा हात कवळीवाल्याचा. सुटलं की अब्रू गेली, हे त्या हाताला ठाऊक. त्यांनी चारी कडांनी गोंदाची भरघोस रेघ ओढली, कार्ड मिटलं, दोन पत्र्यांमध्ये धरून पितळी शिकंज्यात घातलं आणि स्क्रू पुढे सरकेना तोवर पिळला. दुसऱ्या दुपारी कार्ड काढून बाहेरच्या बाजूला डेलिया बसवला. कवळी बाहेर जाण्याआधी काका ती तीनदा तपासतात. हे कार्ड त्यांनी एकदाही उघडून बघितलं नाही. उघडलं असतं तर मजकूर वाचला असता आणि वाचला असता तर सहावाही कागद फाडला असता. त्यांनी ते कापसात गुंडाळून खोक्यात घातलं, पोस्टात टाकलं आणि धावत परत आले.

मग वाट बघणं सुरू झालं. मिस्ड कॉल पुष्कळ आले. एक कर्ज देऊ इच्छिणारी मुलगी, एक प्लॉट विकणारा गृहस्थ, एकदा तर चक्क शेजारच्या घरात बसलेली बायकोच. दर वेळी काका हातातलं मेण टाकून फोनकडे झेपावायचे. ताईचा नंबर कधी आला नाही. महिना गेला, सहा महिने गेले, दीड वर्ष गेलं. काकांनी मनाशी गाठ बांधली की ताईने नऊच्या नऊ ओळी वाचल्या आणि तरीही तिला आपलं तोंड बघायचं नाही. त्यानंतर त्यांनी कुणाच्याच कार्डात आत काही लिहिलं नाही, अगदी "शुभेच्छा"सुद्धा नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी भाची दवाखान्यात आली. तिने पडदा बाजूला केला आणि ती स्टुलावर बसली.

"मामा, आईचं खाणं सुटलंय. पाव चहात बुडवून खाते. सफरचंद किसून खाते. खालची कवळी टोचते म्हणते, आत जखम झालीय बहुतेक."

काकांना नेमकं ठाऊक होतं काय झालंय. वर्षागणिक हिरडी झिजते, जबडा आत बसतो आणि बेतून बसवलेली कवळी सैल होऊन घासायला लागते. अधूनमधून ती आतून भरून घ्यावी लागते. दोन वर्षांपूर्वीच भरायला हवी होती.

"दुसऱ्या कुणाकडे ने ना तिला."

"नेईन कशी? 'आणखी एकाला कळू देणार नाही,' म्हणते. आणि तुझं नाव काढलं की उठून आत जाते."

म्हणजे आपण केलेले दात आपल्याच बहिणीला टोचताहेत आणि आपण हात बांधून बसलोय. काका रात्री बायकोला म्हणाले, "काय करू?" बायको म्हणाली, "मला काय विचारता? रविवारी जा. हाकलून दिलं तर परत या. बस चालू असतात."

रविवारी सकाळी काका ताईच्या दारात उभे राहिले. माहेरी आलेल्या भाचीने दार उघडलं आणि या वेळी ती "आई झोपली आहे" म्हणाली नाही. ताई समोरच खुर्चीत बसली होती. गाल आत गेले होते. इस्त्री मात्र कडक होती. काकांना बघून तिने मुलीकडे मान वळवली.

"त्याला विचार, चहा घेणार का."

"मामा, चहा घेणार का?"

"घेईन म्हणावं."

"साखर कमी केलीय का विचार. मागे त्याची साखर वाढली होती."

भाची बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काका सोफ्याच्या कडेवर टेकले, आणि तेव्हा त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. मधल्या खणात, इतर सगळं बाजूला सारून, त्यांचा डेलिया उभा होता. एक पाकळी वाकली नव्हती. एका पाकळीवर धूळ नव्हती. शेजारी गाल रंगवायचा मऊ ब्रश ठेवला होता आणि तो कशासाठी होता हे सांगायची गरज नव्हती.

"ठेवलंस?" काकांच्या तोंडून निघालं.

ताईने आता मुलीला मध्ये घेतलं नाही. "फेकायला ते काही वाईट नाही. तुझे हात चांगलेच आहेत. ते मी कधी नाही म्हटलं?" आणि मग तिचा आवाज चढला. "पण धाकट्या, वर्षभर वाट बघून तू मला काय पाठवलंस, तर फूल! दुकानातून पाठवल्यासारखं! एक शब्द नाही. 'ताई' एवढंसुद्धा लिहिलं नाहीस. मी खोक्यातला कापूस पिंजून बघितला, म्हटलं चिठ्ठी असेल."

काका उठून उभे राहिले. "आत लिहिलंय ना! नऊ ओळी!"

"आत? कुठे आत? नुसता जाड पुठ्ठा आहे तो."

काकांनी कपाट उघडून कार्ड काढलं. कडेला नख घातलं. नख आत गेलं नाही. दुसऱ्या कडेला घातलं. तिथेही नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कार्डाची कड डोळ्यांजवळ नेली. भरघोस गोंद, वरून शिकंज्याचा दाब. कार्डाची दोन पानं एकमेकांना अशी घट्ट धरून बसली होती की त्यांचं एकच पान झालं होतं. काम पक्कं होतं, यात वादच नाही.

"ताई," ते खाली बसले, "मी ते बंद करून चिकटवलंय."

भाची आधी हसली. मग तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली, तिथेही हसली आणि बारीक सुरी घेऊन बाहेर आली. "दे इकडे. कडेने घालते. नाहीतर किटलीची वाफ देऊ, सुटेल."

"खबरदार!" ताई म्हणाली. "वाफेने पाकळ्या पडतील. ठेव ती सुरी."

"अगं पण आत मामाने—"

"आत जे आहे ते त्याला ठाऊक आहे ना? मग सांगेल तो." ताई खुर्चीत सरळ झाली. "सांग."

आली का पंचाईत! कागदावर लिहायलासुद्धा ज्यांना पाच कागद फाडावे लागले, त्यांना आता ते समोरासमोर बोलायचं होतं आणि भाची सुरी घेऊन ऐकत उभी होती. काकांनी घसा खाकरला. "त्याचं असं झालं, गोंद ओला असताना मी जो दाब दिला, तो जरा—"

"गोंदाचं राहू दे."

काकांनी कार्ड मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघतच ते बोलले, "ताई, तीस वर्षं मी दात करतोय. कुणाच्या तोंडात मी आहे, हे कुणालाच माहीत नसतं. त्या दिवशी त्या बाई 'सुंदर' म्हणाल्या आणि मला वाटलं, ते मला म्हणाल्या. त्या मला नव्हत्या म्हणाल्या. तुला म्हणाल्या होत्या. इतक्या वर्षांनी तुला कुणीतरी सुंदर म्हटलं आणि ते मी सगळ्यांसमोर तुझ्याकडून हिसकावून घेतलं. चुकलो मी. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडणार नाही."

"हे सगळं नऊ ओळींत बसलं?"

"बारीक अक्षरात लिहिलं होतं."

"आणि शेवटी?"

"शेवटी लिहिलं होतं, राग गेला असेल तर मिस्ड कॉल दे."

"मला नाही येत मिस्ड कॉल द्यायला," ताई म्हणाली. "माझा फोन लागला की लोक उचलतात."

तिने पदराची घडी सारखी केली. मग ताई हलक्या आवाजात म्हणाली, "ते हसले त्याचं मला काही नाही रे. पण त्या दिवसापासून मी कुणापुढे हसले नाही. हिच्या सासरी जाते, कुणी विनोद केला की हात तोंडावर जातो. माणसं माझ्याशी बोलतात आणि बघतात दातांकडे. मी कुणाला सांगू हे? जे सांगायचं ते मी तुलाच सांगत आले. आणि तूच..." ती थांबली आणि तिने ओठ आतून चावायचा प्रयत्न केला, पण आत दुखलं. ते काकांनी बघितलं.

"फार टोचतं?"

ताईने मुलीकडे एकदा बघितलं. काकांना वाटलं, आता ती हिला आत पाठवणार किंवा स्वतः उठून बेसिनकडे जाणार, पाठ फिरवणार. तिने यातलं काहीच केलं नाही. बसल्या जागी, खिडकीतून येणाऱ्या भरपूर उजेडात, आधी खालची आणि मग वरची कवळी काढली आणि दोन्ही काकांच्या हातात ठेवल्या.

भाचीने छताकडे बघायला सुरुवात केली. ताईचे गाल एकदम खाली बसले, हनुवटी वर आली, आणि काकांना त्या चेहऱ्यात आपली शेवटच्या आजारातली आई दिसली, जी त्यांना धड आठवतही नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. पण हात शिकलेले होते. अंगठ्याने त्यांनी खालच्या कवळीची आतली कड चाचपली आणि एका जागी थांबले.

"इथे?"

ताईने मान डोलावली.

"तोंड उघड. जीभ वर. आणखी." काकांनी चष्मा नाकावर घेतला आणि खिडकीच्या बाजूने वाकून बघितलं. हिरडीवर डाळीएवढी लाल जखम होती. "किती दिवस सोसतेयस हे? मूर्ख मी एकटाच नाहीये या घरात. उद्या डॉक्टरीणबाईंकडे चल, आतून भरून देतो. आज फक्त कड घासून आणतो."

"शंध्याकाळपर्यंत दे," ताई म्हणाली. "पाहुणे येणारेत हिच्या शाशरचे."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले. तिने चमकून काकांकडे बघितलं. काकांनी चेहरा अगदी गंभीर ठेवला होता, इतका गंभीर की बघणाऱ्याला कीव यावी.

"हशू नकोश," ताईने दम भरला, आणि पुढच्याच क्षणी तिलाच हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग ती तोंड उघडून, अंग मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. छताकडे बघणारी भाची खाली बघायला लागली आणि बघतच राहिली. काका दोन्ही तळव्यांत दात धरून उभे होते. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि हसता हसता तिने एकही वर उचलला नाही.